अमेरिकन अभिजात साहित्यावर वर्गात चर्चा कशी घडवावी? मुले बोलतच नाहीत

केळीबाग (रावेर)

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या सेमी-इंग्रजी वर्गांना इंग्रजी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतील शेवटची तासिका अवांतर वाचनासाठी मोकळी करून दिली, तेव्हा मी मोठ्या हौसेने अमेरिकन साहित्य निवडले. ओ. हेन्री यांची 'द गिफ्ट ऑफ द मेजाय' ही कथा, रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या दोन कविता, अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटी कादंबरी आणि हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधील काही प्रकरणे, असा बेत होता. मार्क ट्वेन यांची 'हकलबरी फिन'ही मनात होती, पण तिला हात लावण्याचा धीर अजून झालेला नाही.

अडचण अशी की चर्चा होतच नाही. गेल्या महिन्यात हेमिंग्वे वाचून संपल्यावर मी फळ्यावर लिहिले, "या कादंबरीतून आपल्याला काय संदेश मिळतो?" 52 मुलांच्या वर्गात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, "प्रयत्नांती परमेश्वर" एवढे म्हणून खाली बसली, आणि बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतले. तासिकेची तीन मिनिटे झाली होती. उरलेला वेळ मीच बोलत राहिले. गंमत म्हणजे घंटा झाल्यावर व्हरांड्यात तीच मुले लेवा बोलीत तावातावाने भांडत होती, की शार्क लचके तोडत असताना म्हाताऱ्याने दोर कापून मासा सोडून का दिला नाही. मी जवळ गेले तशी सगळी गप्प झाली.

चर्चा इंग्रजीत घ्यावी की मराठीत, हे मला ठरवता येत नाही. इंग्रजीचा आग्रह धरला तर चार मुले बोलतात आणि मराठीत घेतली तर ही इंग्रजीची तासिका आहे काय, असा प्रश्न शिक्षक-खोलीत येतो. 'मॉकिंगबर्ड'मध्ये एका तरुणीवरील अत्याचाराचा खटला आहे आणि 'हकलबरी फिन'मध्ये कृष्णवर्णीयांसाठीचा तो अपमानकारक शब्द पानोपानी आहे. माझ्या वर्गात सर्व समाजांची मुले आहेत. वर्णभेदाचा विषय निघाला की जातीचा विषय दाराशी येऊन उभा राहतो, हे मला कळते. पण ते दार शिक्षकाने स्वतः उघडावे की नाही, याचा उलगडा होत नाही. ज्यांनी असे तास घेतले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

पांझराकाठ (धुळे)

ताई, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. चर्चा झाली, फक्त ती वर्गाबाहेर झाली. आणि ज्या प्रश्नावर झाली तो प्रश्न फळ्यावरच्या प्रश्नापेक्षा सरस होता. "संदेश काय" असे विचारले की मूल पुस्तकाकडे पाहत नाही, गाईडाकडे पाहते, कारण संदेश आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेला असतो हे त्याला पहिलीपासून ठाऊक आहे. निवृत्तीपूर्वीची दहा-बारा वर्षे मी एक पथ्य पाळले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला नक्की देता येते, तो प्रश्न चर्चेला ठेवायचा नाही. ते उत्तर सरळ सांगून टाकायचे आणि पुढे जायचे.

हेमिंग्वेच घ्या. सांतियागो या म्हाताऱ्या कोळ्याला 84 दिवस मासा मिळालेला नाही. पहिले 40 दिवस मनोलिन हा मुलगा त्याच्या होडीवर होता. मग आईवडिलांनी म्हातारा पुरता कमनशिबी ठरवला आणि मुलाला दुसऱ्या होडीवर धाडले. मुलगा गेला, पण म्हाताऱ्याला खाणे आणून देणे त्याने सोडले नाही. येथे पुस्तक मिटून मी विचारत असे, "मनोलिनच्या आईवडिलांचे काय चुकले?" ज्यांच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते ती मुले आईवडिलांची बाजू अशी लढवत, की मलाच ती बाजू नव्याने कळली. "रोज रिकाम्या येणाऱ्या होडीवर कोणता बाप पोराला पाठवेल?" असे एकाने विचारले तेव्हा वर्ग हसला, पण उत्तर कोणाकडेच नव्हते. मग दुसऱ्या बाजूची मुले शेवटची पाने उलटू लागली, कारण तेथे मनोलिन घरच्यांचे काहीही म्हणणे असो, पुन्हा म्हाताऱ्याबरोबरच जायचे ठरवतो. पान उलटण्याची गरज पडली, हेच मला हवे होते.

पुस्तकातील मापेही उपयोगी पडतात. कादंबरीच्या शेवटी किनाऱ्यावरचा एक कोळी माशाचा सांगाडा दोरीने मोजतो आणि तो 18 फूट भरतो. मासा होडीपेक्षा दोन फुटांनी लांब आहे, हे म्हाताऱ्याने आधीच म्हटलेले असते. आम्ही व्हरांड्याच्या फरशीवर खडूने 18 फुटांची एक आणि 16 फुटांची दुसरी अशा दोन रेघा ओढल्या आणि एका मुलाला धाकट्या रेघेच्या टोकाशी बसवले. मासा होडीत मावणार नाही, म्हणून तो बाहेरून बांधावा लागला, म्हणूनच तो शार्कांच्या तोंडी लागला, हे सांगावे लागले नाही. तुमच्याकडे ज्यांच्या केळीच्या बागा वादळाने एका रात्रीत आडव्या झाल्या असतील, त्या मुलांना सांगाडा किनाऱ्यावर आणण्यात काय अर्थ होता हे अवश्य विचारा. उत्तराची घाई मात्र करू नका.

घाईवरून आठवले. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गातील शिक्षकांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. मला थांबणे जमत नसे, म्हणून मी टेबलावर पाण्याची बाटली ठेवू लागलो. प्रश्न विचारला की झाकण उघडायचे, दोन घोट प्यायचे, झाकण लावायचे. तेवढ्यात कोणीतरी बोलतेच.

भाषेविषयी माझा नियम सोपा होता. बोलायचे ते कोणत्याही भाषेत बोलावे, अहिराणी चालेल, लेवा बोली चालेल, पण बोलून झाल्यावर मी एवढेच विचारणार, "कोणत्या ओळीवरून?" आणि ती इंग्रजी ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवावी लागणार. त्यामुळे तासिका इंग्रजीचीच राहते. पु. ल. देशपांडे यांनी याच कादंबरीचा केलेला 'एका कोळियाने' हा अनुवाद ग्रंथालयात असेल तर तो चर्चेनंतर द्यावा, आधी नको. आधी दिला की मुले इंग्रजी पान उघडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

जमाखर्च (चाळीसगाव)

वरील सरांविषयी पूर्ण आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. अमेरिकेत चर्चेच्या ज्या पद्धतीचे फार कौतुक होते, ती 1930 साली एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या शाळेत सुरू झाली, आणि तिच्यात लंबगोल टेबलाभोवती बाराएक मुले बसतात. आपल्याकडे बावन्न मुले, तीन-तीनजणांचे बाक आणि पस्तीस मिनिटांची तासिका. या हिशेबात प्रत्येक मुलाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात, तीही शिक्षक एक शब्द न बोलल्यास. त्यातून दहावीचे वर्ष. पालक सभेत विचारतात, याला गुण किती? मी उत्तर देऊ शकत नाही. म्हणून कादंबऱ्यांची हाव न धरता एकच छोटी कथा घ्यावी, असे माझे मत आहे.

मी लहान शाळेत गणित आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे 'गिफ्ट ऑफ द मेजाय'चा तास कसा वळला ते सांगतो. 1905 सालच्या या कथेच्या पहिल्याच ओळींत नायिका डेला हिच्याजवळ 1 डॉलर 87 सेंट आहेत आणि त्यांतील 60 सेंट सुट्या पेनींत, म्हणजे एकेका सेंटाच्या नाण्यांत, आहेत. नवव्या इयत्तेतील एक मुलगा, जो वर्षभर हजेरीशिवाय काही बोलला नव्हता, तो हात वर करून म्हणाला, "सर, हे जमत नाही." 60 वजा केले तर 1 डॉलर 27 सेंट उरतात, आणि पाच, दहा, पंचवीस, पन्नास सेंटांच्या नाण्यांत वरचे दोन सेंट बसवता येत नाहीत. मग लेखक चुकला की काय, यावर वर्ग पेटला. अमेरिकेत पूर्वी दोन आणि तीन सेंटांची नाणी होती, हे मी सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली की मग पैन् पैन् जपणाऱ्या घरात अशी जुनी नाणी निघणारच. त्यानंतर मुलांनी सगळाच हिशेब मांडला: विकलेल्या केसांचे 20 डॉलर आले, नवऱ्याच्या घड्याळासाठी घेतलेल्या साखळीला 21 गेले, हाती 87 सेंट उरले. त्या 87 सेंटांत नाताळचा दिवस आणि पुढचा आठवडा कसा काढायचा, हा प्रश्न मी काढलेला नव्हता. प्रेमाचा त्याग वगैरे गाईडात आहेच. घर चालवणे हा विषय मुलांनी शोधला.

जातीच्या तुलनेबाबत मात्र मी सावध राहण्याचा सल्ला देईन. अमेरिकेतील वर्णभेद वेगळा, आपल्याकडची जात वेगळी. शिक्षकाने दोन्ही एका माळेत ओवले की मुले पुस्तक विसरतात आणि घरी जाऊन भलतेच सांगतात.

वेचणी (धरणगाव)

चाळीसगावच्या सरांचा नाण्यांचा किस्सा फार आवडला, पण शेवटच्या मुद्द्यावर मला माझ्या वर्गातील एक प्रसंग लिहिल्यावाचून राहवत नाही.

मागील वर्षी मी 'मॉकिंगबर्ड'मधील खटल्याची प्रकरणे घेतली. कादंबरी 1960 सालची, पण काळ 1930 च्या दशकातील आणि स्थळ अलाबामातील मेकम हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गौरवर्णीय तरुणीवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप आहे. ताई, आरोपाचा शब्द मी एकदाच, सरळ आवाजात उच्चारला, त्याचा तपशील पुस्तकातही फारसा नाही हे सांगितले, आणि तास घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांना ही प्रकरणे दाखवून ठेवली होती. मुलींनी मान खाली घातली नाही. मीच उगाच घाबरले होते.

मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा, आणि टॉमचा डावा हात तर निकामी आहे, हा पुराव्याचा गुंता मुलांनी दोघांना समोरासमोर उभे करून सोडवला. तेवढ्यात एकीने विचारले की हात निकामी कशाने झाला. मी ते वाक्य वाचायला सांगितले. लहानपणी टॉमचा हात कॉटन जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, सापडला होता. "जिन म्हणजे?" असे विचारण्याची कोणाला गरज पडली नाही. आमच्याकडे दिवाळीपासून रस्त्यावर कापसाच्या गाड्या आणि हवेत रुईचे कण असतात. सरकी, रुई, गठाण हे शब्द मुलांच्या घरचे आहेत. शेवटच्या बाकावरून एक मुलगा, उभाही न राहता, म्हणाला, "मना काकाना हात बी जिनमाच गया."

पाण्याची बाटली मला तेव्हा माहीत नव्हती, पण मी काही बोलले नाही हे बरे झाले. मग एकाने विचारले, टॉमला भरपाई मिळाली काय. पुस्तकात ते नाही. दुसऱ्याने विचारले, जिन कोणाची होती. ते पुस्तकात आहे: डॉल्फस रेमंड यांची. जो गौरवर्णीय माणूस पुढे कृष्णवर्णीयांचा मित्र म्हणून भेटतो, तोच. त्या दिवशी मुलांनी मला असे काही दाखवले, जे मी कादंबरी तीनदा वाचूनही पाहिले नव्हते. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्या खानदेशच्या कापसाला भाव चढला, हे मी पुढच्या तासाला सांगितले, तेव्हा इतिहासाचे शिक्षकही येऊन बसले होते.

आता जातीचा मुद्दा. टॉम साक्षीत सांगतो की तो त्या मुलीची कामे फुकट करून देत असे, कारण त्याला तिची दया येई. हे ऐकताच सरकारी वकील ते शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो आणि सभागृहाची हवा बदलते. मी एवढेच विचारले, "दया येणे हा गुन्हा कसा झाला?" ताई, मी दार उघडले नाही. बराच वेळ गेल्यावर एक मुलगी म्हणाली, "खालच्याने वरच्याची कीव करायची नसते." तिने जातीचे नाव घेतले नाही आणि मीही घेतले नाही. वर्गातील प्रत्येकाला कळले होते. तुलना शिक्षकाने फळ्यावर मांडू नये, इतपत चाळीसगावच्या सरांशी मी सहमत आहे. पण मुले तिच्यापर्यंत पोहोचली तर विषय बदलू नये.

तोरणमाळ वाट (नंदुरबार)

मी आश्रमशाळेत शिकवतो. आमच्या मुलांची घरची भाषा भिली किंवा पावरी, शाळेची मराठी आणि पुस्तकाची इंग्रजी, त्यामुळे 'कोणत्या भाषेत बोलावे' हा प्रश्न आम्हाला रोजचाच आहे. त्यासाठी 'मॉकिंगबर्ड'चे बारावे प्रकरण अवश्य घ्यावे. त्यात टॉमच्या वकिलाकडे घरकाम करणारी कृष्णवर्णीय कॅलपर्निया त्याच्या दोन्ही मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते, आणि तेथे ती आपल्या लोकांशी त्यांच्यासारखी बोलते. त्यांतील मुलगी, स्काउट, तिला विचारते की तुला चांगली भाषा येत असताना तू येथे अशी का बोलतेस. कॅलपर्नियाचे उत्तर मी मुद्दाम झाकून ठेवले आणि आधी मुलांना उत्तर द्यायला सांगितले. वसतिगृहातून सुट्टीत पाड्यावर गेल्यावर मराठीत बोलणाऱ्या पोराला काय ऐकावे लागते, यावर दोन तासिका गेल्या. नंतर पुस्तकातील उत्तर वाचले तर ते जवळजवळ तेच निघाले. त्याच प्रकरणात बहुतेकांना वाचता येत नसल्याने कॅलपर्नियाचा मुलगा झीबो एकेक ओळ म्हणतो आणि सारे चर्च ती मागून गाते. आमच्या मुलांनी तो प्रसंग वाचला नाही, गाऊनच दाखवला.

'हकलबरी फिन'विषयी. ही कादंबरी इंग्लंडमध्ये 1884 साली आणि अमेरिकेत 1885 साली आली, म्हणजे तेथील गुलामगिरी 1865 साली घटनादुरुस्तीने संपल्यानंतर. पण कथा त्याआधीच्या काळातील आहे. तो शब्द पुस्तकात 200 हून अधिक वेळा येतो. मी तो वर्गात उच्चारत नाही आणि मुलांनाही मोठ्याने वाचू देत नाही. मात्र तो छापलेला आहे, कोणी कोणाला उद्देशून वापरत असे आणि आज तो का उच्चारू नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो. 2011 साली अमेरिकेतील एका प्रकाशनाने तो शब्द काढून त्या जागी 'गुलाम' हा शब्द घातला. ते योग्य झाले काय, हा प्रश्न नववीच्या मुलांना द्या. आमच्याकडील एकाने म्हटले की शिवी पुसली तर शिवी देणारा सुटतो. त्याच्या शेजारच्याने म्हटले की ज्याला ती ऐकावी लागते त्याला विचारा. दोघेही अजून आपापल्या मतावर आहेत.

पूर्ण कादंबरी जमणार नसेल तर केवळ 31 वे प्रकरण घ्यावे. पळालेला गुलाम जिम याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र हक हा मुलगा लिहितो आणि मग नरकात जावे लागले तरी चालेल असे ठरवून ते फाडतो. तो चांगले काम करत आहे हे मुलांना लगेच कळते. आपण पाप करत आहोत असे त्याला स्वतःला का वाटते आणि हे त्याला कोणी शिकवले, येथे खरी चर्चा सुरू होते. महात्मा फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, हे त्या वेळी सांगावे. मग तुलना तुम्ही केली असे कोणी म्हणू शकणार नाही. ती दीडशे वर्षांपूर्वीच झालेली आहे.

केळीबाग (रावेर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी गेल्या शनिवारी फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन' ही कविता घेतली, कारण ती 20 ओळींचीच आहे आणि पस्तीस मिनिटांत मावते. चाळीसगावच्या सरांचा चाळीस सेकंदांचा हिशेब लक्षात ठेवून बारा मुलांना फळ्यासमोर गोल बसवले आणि बाकीच्यांना त्यांचे ऐकून एकेक प्रश्न चिठ्ठीवर लिहायला सांगितले. पुढच्या शनिवारी दुसरी बारा. प्रश्न असा ठेवला: "दोन रस्त्यांपैकी कमी वापरलेला कोणता?" सगळ्यांनी दुसरा म्हटले. "कोणत्या ओळीवरून?" असे विचारल्यावर शेवटच्या कडव्यावर बोटे गेली. मी बाटलीचे झाकण उघडले. दुसरा घोट घेईपर्यंत एका मुलाला दुसऱ्या कडव्यातील ती ओळ सापडली, जिथे दोन्ही रस्ते सारखेच मळलेले होते असे कवी स्वतःच सांगतो.

मग गोंधळ झाला, लेवा बोलीत आणि मराठीत, आणि मी तो होऊ दिला. बाहेरच्या वर्तुळातून आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक त्याच पहिल्या बाकावरच्या मुलीची होती, जिने मला 'प्रयत्नांती परमेश्वर' सांगितले होते. तिने लिहिले होते, "दोन्ही रस्ते सारखे होते, तर म्हातारपणी तो वेगळे का सांगणार आहे?" मला याचे उत्तर ठाऊक नाही, असे मी वर्गाला सांगितले. चिठ्ठी फळ्याशेजारी टाचणीने लावून ठेवली आहे आणि तिच्याखाली आतापर्यंत सात उत्तरे जमली आहेत, त्यांतील दोन इंग्रजीत.

नंदुरबारच्या सरांना एक विचारायचे आहे. कॅलपर्नियाचे उत्तर झाकून ठेवताना आपण छायाप्रतीवर कागद चिकटवला, की पान दोन भागांत दिले? माझ्याकडे एकच पुस्तक आहे आणि बावन्न प्रती काढायच्या आहेत.